दोघांचं घर, एकाचं म्हातारपण

उत्साही : वहिनी, घराचा शेवटचा हप्ता फिटला तेव्हा तुम्ही शुगर लँडमधल्या सगळ्या ओळखीच्यांना पेढे दिलेत. आनंद खराच होता. पण आपल्या पिढीतल्या बहुतेकांची गत सारखीच आहे. उमेदीच्या वर्षांतला पैसा मुलांच्या कॉलेजात गेला आणि घरात गेला. कॉलेजातला परत मागायचा नसतो. घरातला मात्र अजून तिथेच आहे, भिंतींत. पाच लाख डॉलरचं घर, कर्ज शून्य, आणि महिना चालवायला सोशल सिक्युरिटी व ४०१(के)मधले थोडेफार. कागदावर आपण सधन, आणि प्रॉपर्टी टॅक्सची नोटीस आली की ओढाताण. यासाठीच बासष्टी पूर्ण झालेल्यांना केंद्र सरकारच्या एफएचएच्या विम्याचं रिव्हर्स मॉर्गेज मिळतं. घर आपल्याच नावावर राहतं, हप्ता भरायचा नाही. वय आणि व्याजदर पाहून किमतीच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत रक्कम उचलता येते. एकदम घ्या, दरमहा घ्या, नाहीतर लागेल तशी घ्या. ते कर्ज आहे, उत्पन्न नव्हे, म्हणून त्यावर आयकर नाही, आणि सोशल सिक्युरिटी किंवा मेडिकेअरला धक्का नाही. आपण गेल्यावर घर विकून कर्ज फिटतं. किंमत कमी पडली तरी मुलांच्या खिशाला हात लागत नाही. घर राखायचं असेल तर कर्जाची बाकी किंवा घराच्या किमतीचे ९५ टक्के, यातली कमी असेल ती रक्कम भरून ती ठेवू शकतात. यात भिण्यासारखं काय आहे?

साशंक : भाऊजी, पोटात गोळा आणतो तो ‘गहाण’ हा शब्द. नाव इंग्रजी ठेवलं म्हणून त्याचं वजन कमी होत नाही. आपल्या मुलखात या शब्दामागे इतिहास आहे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या, आणि ते लोण पुण्या-नगरकडच्या गावांत पसरलं. माणसांपेक्षा कागदांवर राग होता, कारण जमीन कागदानं गेली होती. त्यानंतर १८७९मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी संरक्षणाचा कायदा करावा लागला. आणि आपण जिथे येऊन राहिलो त्या टेक्ससचं मूळही तसंच आहे. १८३७च्या मंदीत अमेरिकेत लोक कर्जात बुडाले, घरदार सोडून इकडे आले, आणि १८३९मध्ये टेक्सस प्रजासत्ताकानं कायदा केला की कुटुंबाच्या राहत्या घराला सावकारानं हात लावायचा नाही. चाळीस वर्षांच्या अंतरानं दोन दूरच्या मुलखांनी एकच धडा घेतला. मग ज्या राज्यानं घर सावकारापासून इतकं जपलं, तिथे मी आपण होऊन ते सावकारापुढे का ठेवू?

उत्साही : तुम्ही सांगितलेला इतिहास माझ्याच बाजूचा आहे. टेक्ससनं हे दार सगळ्यात शेवटी उघडलं. घराच्या इक्विटीवर कर्ज घ्यायची मुभा १९९७च्या मतदानात राज्यघटना बदलून मिळाली, तोवर ती इथे नव्हतीच. अजूनही साध्या इक्विटी कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये रक्कम लागेल तशी उचलायची सोय तर २००५च्या घटनादुरुस्तीनं आली. मालकाच्या जोडीदाराची लेखी संमती लागते, आधी त्रयस्थ सल्लागाराकडे बसावं लागतं. सुप्याच्या शेतकऱ्याला खतात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं. तुम्ही बारा वर्षं शाळेत शिकवलंत, तुम्हाला वाचता येतं. शिवाय त्याची जमीन हातची गेली की तो रस्त्यावर यायचा. इथे अट उलटी आहे : जोवर राहता तोवर कुणी काढू शकत नाही.

साशंक : जोवर राहता तोवर, आणि जोवर टॅक्स, विमा आणि डागडुजी वेळेवर करता तोवर. दुसरी अट तुम्ही सोडलीत, आणि लोकांची घरं त्याच अटीवर जातात. जरा आकडे घेऊ. पाच लाखांच्या घरावर सुरुवातीचा विमा दोन टक्के, म्हणजे दहा हजार. कर्ज देणाऱ्याची फी सहा हजारांपर्यंत. टायटल, अप्रेझल वेगळं. हे सगळं बहुधा कर्जातच मिळवतात, म्हणून हाताला झळ लागत नाही. मग व्याज आणि दरसालचा अर्धा टक्का विमा मिळून सात टक्के धरा. दीड लाख उचलले तर दहा वर्षांनी जवळजवळ तीन लाख होतात आणि वीस वर्षांनी पावणेसहाच्या वर. चक्रवाढ हा शब्द आपण सातवीत शिकलो ते ठेवींसाठी. इथे तीच चक्रवाढ आपल्या विरुद्ध, आणि आपण झोपलेलो असताना.

आता अटीकडे या. इथे प्रॉपर्टी टॅक्स पूरबांधाच्या लेव्ही डिस्ट्रिक्टनुसार कमीजास्त, पण किमतीच्या दोन टक्क्यांच्या आसपास जातो. त्यावर वसाहतीच्या एचओएची वर्गणी, घरविमा आणि पूरविमा. २०१७च्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळ आलं तेव्हा ब्राझोसच्या काठच्या वस्त्या रिकाम्या करायला सांगितलं होतं. त्या रात्री मी पासपोर्ट, मंगळसूत्र आणि घराचे कागद एका पिशवीत भरले होते. तेव्हा कळलं की घर ही तिजोरी नाही, तो नदीकाठचा लाकूड-विटांचा सांगाडा आहे आणि दरवर्षी पैसे मागतो. सत्तरीत छताचं काम निघालं की माणूस कंत्राटदाराला फोन करतो. पंच्याऐंशीत तो फोन कोण करणार? तुमचं कर्ज अशा माणसावर भिस्त ठेवतं जो म्हाताराही असेल आणि कामाचा चोखही.

उत्साही : ही हरकत मला मान्य आहे, म्हणून टेक्ससनं दिलेलं एक स्वस्त दार दाखवतो. आपल्या लोकांपैकी फार थोडे ते ठोठावतात. पासष्टी झाली की शाळेच्या टॅक्सला कमाल मर्यादा लागते. त्या वर्षीचा आकडा तिथेच थांबतो, घराला नवीन बांधकाम जोडलं नाही तर वर जात नाही. २०२५च्या नोव्हेंबरमधल्या मतदानानं राहत्या घराची शाळा-टॅक्सातली सूट १ लाख ४० हजारांवर गेली, आणि ज्येष्ठांची जादा सूट १० हजारांवरून ६० हजारांवर. म्हणजे दोन लाखांवर शाळेचा टॅक्सच नाही. आणि खरी गोष्ट पुढे आहे. पासष्टीनंतर राहत्या घराचा टॅक्स भरायचा पुढे ढकलता येतो. अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे प्रतिज्ञापत्र दिलं की वसुली थांबते. वर्षाला ५ टक्के व्याज चढतं, दंड नाही, फी नाही, सल्लागार नाही. आठ हजारांचा टॅक्स पंधरा वर्षं ढकलला तर १ लाख २० हजार मुद्दल आणि सुमारे चाळीस हजार व्याज होतं. मागे राहिलेला जोडीदार ५५च्या पुढचा असेल तर त्यालाही हे पुढे चालू ठेवता येतं. हे घराच्या किमतीतून उत्पन्न काढणंच झालं. सावकाराच्या जागी काउंटी आहे, एवढाच फरक.

साशंक : हे मला खरोखर माहीत नव्हतं, आणि पटलं. मात्र दोन गोष्टी. रिव्हर्स मॉर्गेजमध्ये टॅक्स भरत राहणं ही अटच आहे, तेव्हा हे दोन रस्ते एकत्र चालत नाहीत. एक निवडावा लागेल. आणि घरावर बँकेचं जुनं कर्ज शिल्लक असेल तर बँक हे ढकलणं मुकाट्यानं सोसणार नाही. म्हणजे ज्यांनी हप्ते फेडले त्यांनाच हे दार मोकळं. पेढे वाटले ते वाया गेले नाहीत म्हणायचे.

पण भाऊजी, माझी मूळ शंका घराची नाहीच. तुम्ही घरापासून सुरुवात करता, कारण घरात तुम्हाला मोठा आकडा दिसतो. मी चेकपासून सुरुवात करते, कारण तो आपण असेपर्यंत दर महिन्याला येतो आणि महागाईबरोबर वाढतो. घर असं काही करत नाही. आणि आपल्यासारख्यांचा चेक इथल्या लोकांपेक्षा लहान असतो, हे आपल्यात कुणी उघड बोलत नाही. सोशल सिक्युरिटी उत्तम पस्तीस वर्षांच्या कमाईवर ठरते. अडतिसाव्या वर्षी आलेल्या आणि पासष्टीला थांबलेल्या माणसाची सत्तावीसच वर्षं भरतात. उरलेली आठ शून्य धरून सरासरी काढतात. भारतात केलेल्या नोकरीची वर्षं इथे जोडली जात नाहीत, कारण अमेरिकेचा तसा करार तीसेक देशांशी आहे, भारताशी नाही. आणि बायकांचं काय? मी आले तेव्हा एच-४वर कामच करता येत नसे. २०१५मध्ये काही जणींना परवानगी मिळाली, तोवर माझी ती वर्षं कधीच सरली होती. ग्रीन कार्ड आल्यावर शाळेत लागले, तर टेक्ससमधल्या बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टांत सोशल सिक्युरिटी कापतच नाहीत, शिक्षकांच्या टीआरएस योजनेची पेन्शन असते. पुढे समजलं की त्या छोट्या पेन्शनच्या दोन तृतीयांशाएवढी रक्कम यांच्या खात्यावरून मला मिळणाऱ्या भत्त्यातून कापली जाणार. विधवा झाले तरी कापली जाणार. तो नियम ५ जानेवारी २०२५च्या सहीनं गेला. मी आनंदले. पण त्याच दिवशी मनात आलं, जे एका सहीनं मिळतं ते दुसऱ्या सहीनं जाऊ शकतं.

उत्साही : म्हणूनच म्हणतो, चेक मोठा करा आणि घर त्यासाठी वापरा. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचं पूर्ण चेक मिळण्याचं वय, म्हणजे पूर्ण वय, ६७. बासष्टीला घेतलं तर ३० टक्के कमी, आणि सदुसष्टीनंतर थांबलं तर सत्तरीपर्यंत दरवर्षी ८ टक्के जास्त. यांचा पूर्ण वयाचा चेक तीन हजारांचा समजा. बासष्टीला २,१०० आणि सत्तरीला ३,७२०. आता हे गेल्यानंतरचं पाहा. मागे राहिलेल्याला दोन चेकांतला मोठा एकच मिळतो. सत्तरीपर्यंत थांबून घेतलेला असेल तर पूर्ण वयाच्या विधवेला ३,७२०, बासष्टीला घेतलेला असेल तर फार तर २,४७५. महिन्याला साडेबाराशेच्या आसपास फरक, तोही उरलेलं सगळं आयुष्य. माझ्या मते आपल्या पिढीतल्या नवऱ्यांनी बायकोसाठी घ्यायचा सगळ्यात स्वस्त आयुर्विमा हाच आहे. थांबायच्या वर्षांत पोटाला लागेल ते घरातून काढायचं.

साशंक : तुमच्या हिशेबात एक ओळ राहिली. हे थांबले तर मीही थांबते. यांनी अर्ज केल्याशिवाय मला यांच्या खात्यावरचा पत्नीचा भत्ता सुरूच होत नाही. पूर्ण वयाला तो यांच्या पूर्ण चेकच्या निम्मा, म्हणजे दीड हजार. आणि यांनी कितीही थांबून स्वतःचा वाढवला तरी माझा वाढत नाही. आमच्या वयांत फारसं अंतर नाही असं धरलं, तर सदुसष्टी ते सत्तरी या छत्तीस महिन्यांत घरात न आलेली रक्कम होते साडेचार हजार गुणिले छत्तीस, १ लाख ६२ हजार. ती घरावर सात टक्क्यांनी उचलायची आणि वर सोळा हजारांचा सुरुवातीचा खर्च? २०१७च्या ऑगस्टमध्ये, हार्वेच्याच महिन्यात, ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठीच्या केंद्रीय कार्यालयानं नेमका याच कल्पनेवर इशारा दिला होता : चेक लांबवण्यासाठी रिव्हर्स मॉर्गेज घेतलं तर त्याचा खर्च बहुतेकांच्या बाबतीत वाढीव चेकच्या फायद्यापेक्षा जास्त होतो.

(इथे दोघांच्या मध्ये येऊन लेखकाला एक सांगायचं आहे. हा आक्षेप मला या साऱ्या चर्चेत सगळ्यात जड वाटतो. पण आपल्या समाजात निवृत्तीची बैठक बसते तेव्हा हा आकडा मांडायला बहुधा बाई नसते. ती आत चहा ठेवत असते, आणि ज्याच्या नावावर चेक येणार तो तिच्या वतीनं ठरवत असतो. या संवादात तिला समोर बसवलं आहे ते मुद्दाम.)

उत्साही : तो इशारा मी वाचलाय. सरासरी आयुष्य धरून केलेलं गणित सरासरी माणसाला लागू पडतं. विमा कुणी सरासरीसाठी घेत नाही. आग लागेल म्हणून घेतो, आणि लागली नाही तर हप्ता वाया गेला असं म्हणत नाही. इथे आग म्हणजे तुमचं पंच्याण्णव वर्षं जगणं. तरी एवढं कबूल करतो : थांबायला बचतीतला पैसा असेल तर आधी तोच वापरावा, घर नंतर. आणि सरकारी वचनाबद्दल तुम्ही जे म्हणालात त्यात भर घालतो. २०२५च्या ट्रस्टी अहवालाप्रमाणे वृद्ध आणि वारसांच्या निधीतली शिल्लक २०३३मध्ये संपते, त्यानंतर जमा होणाऱ्या करातून ठरलेल्या रकमेच्या ७७ टक्केच देता येतील. काँग्रेस तोवर काहीतरी करेल असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे वचन नव्हे. मग तुम्ही सांगा, चेकवर भरवसा नाही, घरावर नाही. भरवसा कशावर?

साशंक : दोन्हींवर थोडा थोडा, आणि कशावरही पूर्ण नाही. पण ज्या खर्चाला आपण खरं भितो त्याचं नाव तुम्ही अजून घेतलं नाहीत. आजारपण नव्हे, आजारपणाला मेडिकेअर आहे. मी बोलतेय ती अंघोळ घालायला, जेवण भरवायला, रात्री उठवायला माणूस लागण्याबद्दल. त्याला मेडिकेअर पैसे देत नाही. हॉस्पिटलातून निघाल्यावर नर्सिंगच्या देखरेखीचे फार तर शंभर दिवस, त्यातले पहिले वीस पूर्ण. पुढे आपापलं. मेडिकेड देतं, पण हाती जवळजवळ काही उरलेलं नसताना. टेक्ससमध्ये २००५पासून मृत्यूनंतर मागे राहिलेल्या मालमत्तेतून तो खर्च वसूल करायची तरतूदही आहे. नवरा-बायकोतला एक हयात असेपर्यंत ती वसुली करत नाहीत, आणि लेडी बर्ड डीड करून ठेवलं तर घर वारसाच्या कोर्टात न जाता मुलांकडे जातं, हे मला ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. समजा हे गेले. मी एकटी, चौऱ्याऐंशीची, मांडीचं हाड मोडून नर्सिंग होममध्ये. बारा महिने सलग घराबाहेर राहिले की तुमचं रिव्हर्स मॉर्गेज परत मागतात. म्हणजे घरातला पैसा मला सगळ्यात जास्त लागणार तेव्हाच घर विकून आधी बँकेची बाकी द्यायची, आणि उरलं तर माझं. टेक्ससच्या घटनेनं विधवेला राहत्या घरात मरेपर्यंत राहायचा हक्क दिलाय, मालकी मुलांकडे गेली असली तरी. राहण्याचा हक्क आहे, पण मी राहू शकत नसेन तर तो हक्क घेऊन काय करू?

उत्साही : मग वेळेवर विका. दोघं असताना, हातपाय धड असताना. राहत्या घराच्या विक्रीत जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंतच्या नफ्यावर केंद्राचा कर नाही. त्या पैशातून एकमजली छोटं घर घ्या, नाहीतर मुलीजवळ सिअ‍ॅटलला जा, नाहीतर पुण्याला. सोशल सिक्युरिटी अमेरिकन नागरिकाला पुण्यातही मिळते. तिकडे त्याच चेकमध्ये रात्रंदिवसाची बाई ठेवता येईल.

साशंक : चेक पुण्याला येईल, मेडिकेअर येणार नाही. आणि पार्ट बी सोडून गेलं की परत आल्यावर दंडासकट जास्त हप्ता. शिवाय तिकडचं म्हणाल तर रिव्हर्स मॉर्गेज भारतातही २००७च्या अर्थसंकल्पानं आणलं, नॅशनल हाउसिंग बँकेनं नियम केले, आणि लोकांनी त्याकडे पाठ फिरवली. तिथल्या मुलांना फ्लॅट हवा असतो, म्हणून आईवडील तो अडकवत नाहीत. आमच्या मुलीला हे घर नकोच आहे. दोनदा विचारलं. ती म्हणाली, आई, मी शुगर लँडला परत येणार नाही, तुम्ही ते तुमच्यासाठी वापरा. मला त्या दिवशी वाईट वाटलं, आणि नंतर मोकळंही वाटलं. कारण घर राखायचं ते कोणासाठी, या प्रश्नाचं जुनं उत्तर तिनं काढून घेतलं. नवं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. विकावं तर हा पार, ही बाग, शेजारची तमिळ मावशी, अष्टलक्ष्मी देवळातला शनिवार. ज्या वयात नव्या ओळखी होत नाहीत त्या वयात हे सोडायचं. न विकावं तर पंच्याऐंशीत छताचा कंत्राटदार.

उत्साही : मी सांगतो काय करता येईल. पासष्टीला टॅक्सची मर्यादा आणि सूट लावून घ्या. घरावर कर्ज नाही, तेव्हा टॅक्स ढकलण्याचं दार उघडं ठेवा, पण लागेपर्यंत त्यातून जाऊ नका. यांचा चेक बचतीच्या आधारानं जमेल तितका लांबवा, तुमचा दीड हजार बुडतो हे धरून. रिव्हर्स मॉर्गेज सध्या बाजूला. आणि विकायचं वय आत्ताच ठरवा, कागदावर : अठ्ठ्याहत्तर म्हणा, ऐंशी म्हणा.

साशंक : यातलं शेवटचं सोडून सगळं मान्य. वय कागदावर लिहिता येतं, पण त्या वयाची मी कशी असेन ते लिहिता येत नाही. ऐंशीला मी धडधाकट असले तर सोडावंसं वाटणार नाही, आणि नसले तर सोडणं झेपणार नाही. तुम्ही तरी ठरवलंय का? तुमच्या एक्सेल शीटमध्ये पंच्याण्णवपर्यंत रकाने आहेत असं हे सांगत होते.

उत्साही : आहेत. शहात्तरनंतर त्यात एकच चेक धरलाय. माझे वडील शहात्तरला गेले, म्हणून. पुढची एकोणीस वर्षं बायकोची आहेत. घर त्या रकान्यात एकोणऐंशीला विकलेलं आहे.

साशंक : तिनं सांगितलं एकोणऐंशी?

उत्साही : नाही. त्या वर्षी व्याजाचं गणित बरं बसत होतं. तिला अजून विचारलेलं नाही.